दत्तकाची पत्रिका

१

संस्कृतीने पत्रिका काउंटरवर ठेवली नाही, आपटली.

"काकू, खाली तुमच्या प्रेसचं नाव आहे. ही तुम्ही छापलीत?"

हर्षाने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. मंचरच्या बाजारपेठेत सासऱ्यांची, कांतीलालजींची प्रेस ती तीस वर्षं बघत होती. सासरे गेले, नवरा पुण्याच्या दुकानात रमला, आणि लोकांची लग्नं, बारशी, वास्तुशांती आणि दशक्रिया छापायचं काम हिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. कुणाचा कोण मावसमेहुणा आणि कुठली सून कुठल्या गावची, हे तलाठ्यापेक्षा तिला जास्त पाठ होतं. त्याबद्दल आजवर कुणी दोन गोड शब्द बोललं नव्हतं. भांडायला मात्र लोक हक्काने यायचे. "आमच्या साडूंचं नाव खाली का टाकलं?" म्हणून.

ही मुलगी त्यातली वाटत नव्हती. वय बाविसेक, अंगात औषधाच्या दुकानातला निळा ॲप्रन, चेहरा उन्हाने आणि रागाने तापलेला. हर्षाने पत्रिका उचलली.

वर गणपती. खाली मजकूर:

"आमचे येथे श्रीकृपेकरून चि. संस्कृती हिचा दत्तकविधान समारंभ मंगळवार, दि. २४ एप्रिल २०१२ रोजी अक्षय्य तृतीयेच्या शुभमुहूर्तावर मौजे घाटघर येथे करण्याचे योजिले आहे.

दत्तक देणार – श्री. चांगदेव कुंडलिक, शिनोली
दत्तक घेणार – श्री. जानकू, घाटघर
श्रीमती लंकाबाई, घाटघर

आपले नम्र – श्री. कुंडलिक, सौ. कुशाबाई, चि. गोरख व समस्त परिवार."

"संस्कृती म्हणजे तूच ना?"

"मीच. आणि मला कुणी दत्तक घेतलेलं नाही! आठ वर्षांची होते मी. मला पाटावर बसवून कुणाच्या ओटीत घातलं असतं तर आठवलं नसतं?"

"बस आधी. पाणी पी. आणि पहिल्यापासून सांग."

संस्कृती बसली नाही, पण सांगितलं. शिनोलीचे कुंडलिक तिचे आजोबा. थोरला मुलगा चांगदेव, मधली मुलगी लंकाबाई, धाकटा गोरख. चांगदेव म्हणजे तिचे वडील. आई ती दोन वर्षांची असतानाच गेली, म्हणून घाटघरला दिलेल्या लंकाआत्याने तिला नेऊन वाढवलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. २०१४ साली वडील टेम्पोच्या अपघातात गेले. २०१७ साली आत्याचे यजमान जानकू गेले. आणि २०२३ साली आजोबा गेले, मृत्युपत्र न करता.

"आजोबांनी स्वतः घेतलेली तीन एकर जमीन आहे रस्त्याला लागून. वारस म्हणून आजी, काका आणि आत्या यांची नावं लागली. माझं नाही. मी हरकत घेतली. काका म्हणाला, बाप आधी मेला, तर नातीचा संबंध काय?"

"संबंध कसा नाही? मुलगा आधी गेला की त्याची पोरं त्याच्या जागी उभी राहतात. बायको, मुलगा, मुलगी आणि गेलेल्या मुलाची मुलगी, चौघांचे सारखे चार हिस्से."

संस्कृतीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"दशक्रियेची पत्रिका छापायला येतात ना लोक, तेव्हा इथे बसूनच भांडतात. ऐकून ऐकून शिकले."

"मग वकिलाने काकाला तेच सांगितलं, आणि पंधरा दिवसांत ही पत्रिका उगवली. बरोबर जुन्या पोलीसपाटलाचं, सावळेरामबाबाचं प्रतिज्ञापत्र, की मी समारंभाला जेवलो होतो. दत्तक गेलेली पोर बापाच्या घरातून सुटली, म्हणजे माझा वाटा संपला. गुरुवारी मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे."

"आज सोमवार."

"मला जमीन विकायची नाही, काकू. होस्टेलच्या खोलीत राहते मी. पण कुणी विचारलं, तू कुठली, कुणाची, तर दाखवायला माझ्याकडे एक कागद हवा. तोही नको?"

 हर्षाने पत्रिका उलटी केली आणि पाठीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत.

"ही आमची नाही."

"खरंच?"

"आमचे सासरे हट्टी. २०१५ पर्यंत पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवूनच छापायचे. खिळ्यांचा दाब कागदाच्या पाठीवर उमटतो, आंधळ्यालाही कळेल. ही काँप्युटरवरची आहे. आणि छापलेल्या प्रत्येक कामाचा एक नमुना आम्ही वर्षवार फाईलला लावतो. २०१२ च्या फाईलमध्ये ही नसली म्हणजे झालं. थांब, आत्ताच दाखवते."

आतल्या कपाटात फायली ओळीने उभ्या होत्या. २००९, २०१०, २०११.

त्यानंतर एका फाईलएवढी मोकळी जागा. आणि मग २०१३.

२

पहिला संशय घरातच जातो. हर्षाचा धाकटा दीर जिनेश चार वर्षांपूर्वी वेगळा होऊन फ्लेक्सचं दुकान चालवत होता. जाताना त्याने प्रेसमधलं काय काय नेलं, याचा हिशेब हर्षाने मनातल्या मनात अजून मिटवला नव्हता.

"भाभी, मी कशाला नेऊ ती धुळीची फाईल?" वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या कुण्या भाऊंचा चेहरा गोरा करता करता जिनेश म्हणाला. पत्रिका मात्र त्याने हातात घेऊन नीट पाहिली. "जुन्या पत्रिकेचा फोटो काढलाय, चौकट आणि गणपती तसाच ठेवलाय, मधला मजकूर बदललाय. अर्ध्या तासाचं काम. नारायणगावपासून चाकणपर्यंत पन्नास दुकानं करून देतील."

"तू नाही ना केलंस?"

"मी केलं असतं तर आपल्याच प्रेसचं नाव ठेवलं असतं? पप्पांच्या नावावर?" जिनेशचा आवाज चढला, आणि हर्षाला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

"म्हणजे त्यांच्याकडे आपल्या प्रेसची एखादी जुनी पत्रिका होती," ती म्हणाली.

"ती कुणाच्याही घरी असेल, भाभी. फाईल न्यायची गरज नकलेसाठी नव्हती. फाईल नेली, कारण तिच्यात दत्तकाची पत्रिका नाही, हे कुणाला दिसू नये."

हे मात्र त्याचं बरोबर होतं. फ्लेक्सवाल्याला एवढं डोकं असेल, असं हर्षाला वाटलं नव्हतं.

फायली असतात हे ठाऊक असलेलं आणि दुपारी दुकानात एकटं बसणारं माणूस एकच. सासूबाई, सूरजबाई. हर्षा तडक घरी गेली, तर बाई तोंडाला मुहपत्तीचं पांढरं फडकं बांधून जैनांच्या सामायिकाला, ध्यानाला बसलेल्या. समोर वाळूचं घड्याळ. अठ्ठेचाळीस मिनिटं संसारातला एक शब्द नाही.

"बाई, एवढंच सांगा, २०१२ ची फाईल कुणाला दिलीत का?"

बाईंनी डोळे मिटले.

"नुसती मान हलवा."

बाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले. वाळू सावकाश पडत होती. हर्षाने दोनदा भांडी घासली, घासलेलीच. संस्कृतीचे तीन फोन येऊन गेले. एकदाची वाळू संपली, बाईंनी पाठ म्हटला, आसन झटकलं, मुहपत्ती सोडली आणि शांतपणे म्हणाल्या, "हो. दिली."

"कुणाला?"

"एक बाई आली होती संक्रांतीनंतर. शिनोलीकडची. म्हणाली, आमच्या गोरखच्या लग्नाची पत्रिका बघायचीय, २०१२ ची. फाईल काढून दिली. बघता बघता रडायला लागली. मी म्हटलं, घेऊन जा, सावकाश बघ, आणून दे."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"तू विचारलंस का?"

हर्षाने खोल श्वास घेतला. "दिसायला कशी होती?"

"कपाळ मोकळं होतं बिचारीचं. विधवा."

"वय?"

"माझ्यापेक्षा लहान."

"बाई, तुमच्यापेक्षा अख्खं मंचर लहान आहे!"

"मला मोतीबिंदू आहे, हर्षा. कुंकू नव्हतं एवढं दिसलं. रडणाऱ्या बाईच्या हातून फाईल हिसकावून घेऊ का मी?"

'आमचा गोरख' म्हणणाऱ्या विधवा दोनच होत्या. आई कुशाबाई. आणि बहीण लंकाबाई.

हर्षाने संस्कृतीला फोन लावला. ती लगेच म्हणाली, "आजीच. दुसरं कुणी शक्यच नाही. आत्याला मी विचारलंय. शपथ घेऊन म्हणाली, मला यातलं काही ठाऊक नाही."

"सुनावणीला येऊन तेवढं सांगेल का?"

"गुडघे दुखतात म्हणते."

३

मंगळवारी सकाळी हर्षा आधी मंडळ अधिकाऱ्यांकडे गेली. साहेब सभ्य होते, म्हणूनच जास्त वैताग आला. त्यांनी खुर्ची दिली, पत्रिकेच्या पाठीवरून स्वतः बोट फिरवलं आणि पत्रिका परत ठेवली.

"ताई, तुमचं म्हणणं मला पटतं. पण निकालात लिहू काय? पाठ गुळगुळीत आहे, सबब दत्तक झालं नाही? पत्रिका दुसरीकडे छापली असेल, नाव चुकून तुमचं पडलं असेल. समोरचा वकील दोन मिनिटांत उडवून लावेल."

"पण संस्कृतीला स्वतःला आठवतं ना!"

"ती अर्जदार आहे. तिला सोयीचं तेवढंच आठवणार, असं ते म्हणतील. बाप हयात नाही, दत्तक घेणारा हयात नाही. घेणारी बाई तेवढी आहे. ती येऊन सांगू दे, झालं की नाही झालं. नाहीतर पोरीला दिवाणी कोर्टात जावं लागेल."

"त्याला किती वेळ लागतो?"

साहेबांनी वर पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यावरून उत्तर कळलं.

तिथून संस्कृतीला बरोबर घेऊन ती एसटीने शिनोलीला गेली. गोरखचं घर रस्त्याकडेलाच, नवा स्लॅब, दारात ट्रॅक्टर. ओट्यावर कुशाबाई लसूण निवडत बसली होती. नातीला पाहून तिचे हात थांबले. गोरख आतून हसतच आला.

"या भाभी! तुमी पत्रिका छापायच्या, आमी जेवान घालायचं. मधीच ही वकिली कुठं काढली?"

"पत्रिका आमच्याच नावाची आहे, गोरखभाऊ. म्हणून आले."

"मंग छापली असंल तुमीच. कांतीशेठला आता कुठं इचारायला जायचं? माझं लगीन पन त्याच वर्सातलं, तुमच्याच प्रेसचं. थांबा, दावतो." तो उत्साहाने आत गेला.

संस्कृतीने संधी साधली. "आजे, संक्रांतीनंतर तू मंचरला आली होतीस?"

"डोळं दाखवाया दर म्हयन्याला येती की," कुशाबाई म्हणाली. "का गं?"

"प्रेसमध्ये गेली होतीस?"

"कंच्या परेसमदी?" म्हातारीने हर्षाकडे पाहिलं, मग नातीकडे. "तुला द्यायला माझा हात आखडत न्हाई, पोरी. चांगदेवाची एकलीच खूण हायेस तू. पन हितं म्हातारीला इचारतंय कोन? गोरख म्हनतो गप बस, मी बसती. म्या कुणाकुणाच्या तोंडाला लागू?"

"म्हणजे तुला सगळं माहीत आहे!"

"मला येवढंच म्हाईत हाय, का सांजच्याला भाकर मला ह्याच घरात खायाचीय."

संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून ती आणखीच चिडली. तेवढ्यात गोरख लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि त्याने ती दत्तकाच्या पत्रिकेशेजारी ओट्यावर मांडली.

"बगा. त्योच गनपती, तीच चौकट, तेच अक्षार. आता बोला. लई श्यान्या झाल्या पोरी शिकून. आमी काय तिला उघड्यावर टाकनार हाय व्हय? लगीन मीच लावून देनार हाय तिचं."

"लग्न नको, वाटा दे," संस्कृती म्हणाली.

"आत्याच्या घरी वाढली, तिकडचाच गुन लागला. आडमुठी!"

हर्षाचं या भांडणाकडे लक्ष नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीवर खिळ्यांच्या खुणा बोटाला लागत होत्या, पण त्याचा उपयोग नव्हता हे तिला सकाळीच कळलं होतं. ती पुढची बाजू वाचत होती. तीस वर्षांच्या सवयीने, प्रूफ तपासावं तशी, एकेका नावावर बोट ठेवून. लग्नाच्या पत्रिकेतली नावं. दत्तकाच्या पत्रिकेतली नावं. पुन्हा लग्नाच्या.

एका जागी तिचं बोट थांबलं. तिने चष्मा कपाळावर ढकलला आणि उठली.

"येतो आम्ही."

फाट्यावर एसटीची वाट बघताना संस्कृती धुमसत होती. "आजीच ती. डोळ्यांचा दवाखाना म्हणे!"

"आजी नाही," हर्षा म्हणाली.

"कशावरून?"

"उद्या रजा टाक. आपल्याला घाटघरला जायचंय."

"आत्याकडे? कशाला, तिला तर काहीच…"

वाक्य अर्ध्यावर सोडून संस्कृती हर्षाच्या तोंडाकडे बघत राहिली. एसटी आली, थांबली आणि निघूनही गेली.

४

जुन्नरहून जीप घाटघरला पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. लंकाबाईच्या अंगणात औषधासाठी विकायचा कोवळा बाळहिरडा वाळत घातलेला. संस्कृतीला बघून ती लगबगीने उठली. गुडघे दुखणारी बाई एवढ्या चपळाईने उठत नाही, हे हर्षाने मनाशी टिपलं.

"आले गं माझे बाय! वाळलीस किती! जेवतीस का न्हाई वेळच्या वेळी?" तिने संस्कृतीच्या गालावरून हात फिरवला. मग हर्षाकडे पाहिलं आणि तो हात तसाच राहिला.

"मी मंचरच्या प्रेसमधून आले, लंकाबाई. आमची फाईल राहिलीय तुमच्याकडे."

"कसली फाईल? मला काय ठाव न्हाई."

"बरं. मग मी सांगते, तुम्ही ऐका. चुकलं तिथे थांबवा." हर्षा ओट्यावर टेकली आणि पिशवीतून पत्रिका काढली. "ही पत्रिका ज्याने कुणी जुळवली तो बेसावध नव्हता. २०१२ साल त्याने नीट धरलं. तेव्हा चांगदेव होते, जानकू होते, कुंडलिकबाबा होते. तिघांच्याही नावापुढे 'श्री.' आहे, 'कै.' नाही. कुशाबाई आज विधवा आहेत, पण तेव्हा सवाष्ण होत्या, म्हणून त्या 'सौ. कुशाबाई'. सगळं बरोबर. फक्त एका नावापाशी चुकलं."

लंकाबाई हिरड्यांकडे बघत होती.

"तुमचे यजमान २०१७ ला गेले. २०१२ साली तुम्हीही 'सौ.' होता. गोरखच्या लग्नाच्या पत्रिकेत तसंच आहे, 'सौ. लंकाबाई'. नक्कल तिच्यावरूनच केलीय. मग या पत्रिकेत, वरच्याच ओळीत नवरा हयात असताना, तुम्ही 'श्रीमती' कशा झालात? गोरखभाऊंना असल्या बारकाव्याचं सोयरसुतक नाही. दुकानातला पोरगा तर समोर येईल ते टाईप करतो. मुद्दाम सांगितल्याशिवाय हा एकच शब्द बदलत नाही. आणि ते 'सौ.' ज्याला बोचेल असं माणूस एकच. ज्याचं नाव आहे ते. म्हणजे छापायच्या आधी ही पत्रिका तुम्ही पाहिलीत."

 कोंबडी हिरड्यांत शिरली तरी तिला कुणी हाकललं नाही.

"आत्ये," संस्कृती म्हणाली, "सांग ना, काकू खोटं बोलतात म्हणून."

लंकाबाईने पदराने तोंड पुसलं.

"गोरखनं मोबाईलवर दावली. चौथी शिकलीये मी, येवढं वाचता येतं. म्या म्हनलं, बाबा, माझ्या नावाफुडचं ते काढ. तो म्हनला, राहू दे, तवा तू सौभाग्यवतीच व्हतीस. म्या म्हनलं, तवा व्हते, आज न्हाई. मानूस जाऊन आठ वर्सं झाली, आन आज नवं छापून घेताना सवाष्न म्हनून नाव लावू व्हय मी? काढ म्हंजी काढ. न्हाईतर मला न्हाई जमायचं."

"आणि बाकीचं खोटं चाललं तुला?" संस्कृतीचा आवाज फाटला. "माझा बाप पुसून टाकलास, ते चाललं?"

"बाप कशाला पुसू, बाय? भाऊच व्हता ना माझा!" लंकाबाई आता सरळ तिच्याकडे वळली. "गोरख म्हनला, अक्का, तू वाढवलीस, कागुदावर तुजं नाव आई म्हनून लागंल. वाटा मी तिला लग्नात देतोच, माझ्यावर सोड. मला वाट्याचं काय कळत व्हतं? माझा मी त्याला सोडूनच देनार व्हते, समद्या बहिनी देत्यात तसा. पन आई म्हनून… साळंत नाव घालताना मी गेले. मास्तर म्हनलं, तुमी कोन? आत्या. कांजिन्या निघाल्या तवा दवाखान्यात नर्सबाईनं इचारलं, तुमी कोन? आत्या. होस्टेलला सोडाया आले, त्यांनी आत येऊ दिलं न्हाई, पालकच पायजे म्हनले. भायेर फाटकापाशी उभी व्हते मी. म्हनलं, येकदा तरी कुटं तरी लिवलं जाऊ दे. खोटं कुटं हाय ते?"

 संस्कृती उठली आणि अंगण ओलांडून रस्त्यावर जाऊन, पाठ करून उभी राहिली.

हर्षाला वाटलं होतं, चोर सापडला की बरं वाटेल. बरं काही वाटलं नाही. गोरखचा मात्र संताप संताप आला. त्याने जमिनीसाठी नेमकी बहिणीची दुखरी जागा हेरली होती.

"फाईल कुठे आहे, लंकाबाई?"

"जाळ म्हनला व्हता."

"जाळली नसेल तुम्ही."

लंकाबाईने चमकून पाहिलं.

"पानापानावर गणपती आहे," हर्षा म्हणाली. "तीस वर्षं बघतेय मी. लोक जुन्या पत्रिका नदीत सोडतात, पिंपळाखाली नेऊन ठेवतात, माळ्यावर कुजवतात. चुलीत कुणी घालत नाही."

लंकाबाई आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून स्वच्छ फडक्यात बांधलेली फाईल घेऊन आली. हर्षाने पानं उलटली. एप्रिल २०१२. अकरा लग्नं, तीन वास्तुशांती, एक मुंज. दत्तक कुठेच नव्हतं.

"आता मिळंल का तिला तिचं?" लंकाबाईने विचारलं.

हर्षाला खोटं बोलवेना. "एवढ्यावर नाही. ते म्हणतील, नमुना लावायचा राहून गेला असेल. तुम्हाला स्वतः येऊन सांगावं लागेल. उद्या, सगळ्यांसमोर, लिहून."

"काय सांगायचं?"

"की तुम्ही तिची आई नाही."

५

गुरुवारी अकराची सुनावणी साडेअकरापर्यंत सुरू झाली नव्हती, आणि लंकाबाईचाही पत्ता नव्हता. गोरख वकिलाशेजारी पाय हलवत बसला होता. सावळेरामबाबा भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. हर्षाने त्याला जागं करून विचारलं, "बाबा, दत्तकाच्या जेवणाला काय केलं होतं?"

"जिलेबी," बाबा ठामपणे म्हणाला. "गोरखच्या लग्नाला केलती तीच." मग आपल्या बोलण्यात काहीतरी चुकलं असं वाटून त्याने पुन्हा डोळे मिटले.

 घाटघरहून आल्यापासून संस्कृतीने आत्याचं नाव काढलं नव्हतं. "यायची नाही ती," एवढंच एकदा म्हणाली.

बाराला पुकारा झाला. साहेबांनी हर्षाची फाईल पाहिली, पानं मोजली, वकिलाने अपेक्षेप्रमाणे "नमुना राहून गेला असेल" म्हटलं, आणि साहेबांनी पेन उचललं. तेवढ्यात दारात लंकाबाई उभी. घाटघरहून दोन एसट्या बदलून आलेली, पायांवर धूळ, कपाळ घामाने ओलं.

गोरख ताडकन उठला. "अक्का, तू कशाला आलीस? तुजे गुडघे…"

"गुडघ्यांचं माजं मी बघंन. तू बस."

साहेबांनी तिला समोरची खुर्ची दिली. "नाव?"

"लंकाबाई जानकू."

"ही पत्रिका ओळखता?"

"गोरखनं औंदा करून आनलीये. संक्रांतीच्या टायमाला. परेसमधली फाईल मीच नेली व्हती, त्याच्या सांगन्यावरनं."

वकील उभा राहिला, साहेबांनी हातानेच त्याला बसवलं. "म्हणजे दोन हजार बारा साली दत्तकविधान झालं होतं का?"

लंकाबाईचे ओठ हलले.

"मोठ्याने बोला, बाई. लिहून घ्यायचंय."

"न्हाई झालं."

"अर्जदार संस्कृती हिला तुम्ही कधीही दत्तक घेतलेलं नाही. बरोबर?"

"व्हय."

कारकून कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाला, "साहेब, नातं काय टाकू? अर्जदाराशी नातं?"

साहेबांनी लंकाबाईकडे पाहिलं. तिने एकदा संस्कृतीकडे पाहिलं. संस्कृती खाली फरशीकडे बघत होती.

"आत्या," लंकाबाई म्हणाली.

"काय?" पंख्याच्या आवाजात कारकुनाला ऐकू आलं नव्हतं.

"आत्या! आत्या हाय मी तिची. आई न्हाई. लिवा!"

कारकुनाने लिहिलं. प्रिंटर दोनदा अडकला. तिसऱ्यांदा कागद बाहेर आला आणि लंकाबाईने एकेक अक्षर जुळवत सही केली. साहेब म्हणाले, नोंदीत चांगदेवच्या जागी संस्कृतीचं नाव घेण्याचा आदेश होईल, लेखी प्रत आठवड्याने मिळेल, ज्याला मान्य नसेल त्याने प्रांतांकडे अपील करावं. "करनारच हाय," गोरख म्हणाला, आणि बहिणीच्या अंगावरून तिच्याकडे न बघता निघून गेला. म्हणजे अजून हेलपाटे होतेच. हर्षाने मनातल्या मनात पुढच्या महिन्याच्या लग्नपत्रिकांची कामं आठवली आणि उसासा टाकला.

बाहेर रस्त्यावर जुन्नरला जाणारी जीप भरत होती. लंकाबाई कुणाला काही न सांगता, हळूहळू चालत तिच्याकडे गेली आणि मागच्या आडव्या बाकावर, दोन माणसांच्या मध्ये, अंग चोरून बसली.

संस्कृती कार्यालयाच्या पायरीवर उभी होती. हर्षाने तिला कोपराने ढोसलं नाही, समजावलंही नाही. तिला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं की या मुलीने आत्ता काय करावं.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तशी संस्कृती पायऱ्या उतरली आणि ताडताड चालत जीपपाशी गेली. पुढच्या सीटवर एक पावणे ऐसपैस बसले होते.

"पावणं, जरा मागे बसता का? हिला मागच्या बाकावर मळमळतं. वळणं आली की उलटी होते."

"कोन हाय तुमची?" पावणे उठता उठता, सहजच म्हणाले.

 संस्कृती मागे गेली, लंकाबाईच्या दंडाला धरून तिला खाली उतरवलं आणि पुढच्या सीटवर, खिडकीशी बसवलं. मग दार उघडं ठेवूनच क्षणभर उभी राहिली.

"सरक," ती घुश्शातच म्हणाली. "मला पण यायचंय."